जिप्सीचं मागचं डिफरन्शियल फुटलं: क्राऊन-पिनियन नवे टाकू की अख्खं युनिट बदलू?

भांडुपची_जिप्सी

नमस्कार मंडळी,

माझी जिप्सी २००९ची, कापडी टपाची. २०१६ला नाशिककडच्या एका द्राक्षबागायतदाराकडून घेतली. तेव्हापासून क्लच प्लेट, ब्रेक, पाट्यांचे बुश, सगळं मी सोसायटीच्या आवारातच करत आलोय. डिफरन्शियल, म्हणजे एक्सलमधली इंजिनचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारी गिअरपेटी, मात्र आजवर उघडलेलं नाही, म्हणून विचारतोय. (त्यातला मोठा गोल गिअर म्हणजे क्राऊन, त्याला फिरवणारा छोटा म्हणजे पिनियन.)

जुलैच्या पहिल्या रविवारी आम्ही तीन गाड्या घेऊन कर्जतच्या पुढे एका ओढ्यावर गेलो होतो. पाणी हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) वर होतं. जाताना आणि येताना असा दोनदा ओढा पार केला, कुठे अडकलो नाही. घरी आल्यावर गाडी खालून नीट धुतली. पुढे प्रेसमध्ये ओव्हरटाइम लागला (मी ऑफसेट मशीनवर आहे), त्यामुळे गाडी वीस-बावीस दिवस जागची हलली नाही.

ऑगस्टमध्ये पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा पूर्व द्रुतगती मार्गावर मुलुंडच्या पुढे मागून आवाज यायला लागला. ५० ते ६०च्या वेगात ॲक्सिलरेटर दाबला की 'हूंऽऽ', पाय काढला की बंद. खडबडीत नक्षीचे टायर आहेत, त्यांचाच आवाज असेल असं वाटलं. १५ ऑगस्टला इगतपुरीला गेलो. परतताना कसारा घाट उतरून शहापूरच्या अलीकडे खाडकन आवाज झाला आणि मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टक-टक. तिथेच थांबलो. मागचा प्रोपेलर शाफ्ट (इंजिनकडचा जोर मागच्या एक्सलला पोचवणारा लांब दांडा) सोडून फक्त पुढच्या चाकांवर घरी आणावी, असं बरोबरच्या मित्राचं म्हणणं होतं. मी ऐकलं नाही, सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून भांडुपला आणली.

काल संध्याकाळी ड्रेन प्लग काढला. ऑइल कसलं, दुधाळ कटिंग चहाच बाहेर आला. प्लगच्या लोहचुंबकाला काळी पेस्ट होती आणि तिच्यात चिंचोक्याच्या अर्ध्याएवढे दोन तुकडे. एका तुकड्याची एक बाजू घासून गुळगुळीत, दुसरी बाजू ताज्या मोडीची, दाणेदार. म्हणजे दात गेला, हे नक्की.

आता गॅरेजवाला म्हणतो, क्राऊन-पिनियनचा सेट आणा, एका दिवसात बसवून देतो. दुसरा एक जण म्हणतो, कुर्ल्याहून जुनं अख्खं युनिट उचला. मला दोन्हीतलं काय करावं ते तर हवंच आहे, पण हे झालं कशाने तेही समजून घ्यायचंय. तीच चूक राहिली तर नवा सेटही जाईल. गाडीवर माझा जीव आहे आणि ती मला अजून निदान दहा वर्षं चालवायची आहे.

---

घाटवाट

अख्खं युनिट. कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारात निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, जिप्सीचंही सापडेल. जिप्सीत डिफरन्शियल हाऊसिंगच्या (एक्सलच्या लोखंडी कवचाच्या) पुढच्या बाजूने बाहेर येतं, त्यामुळे काम सोपं आहे. मागचे ड्रम काढा, दोन्ही एक्सल बाहेर ओढा, प्रोपेलर शाफ्ट सोडा, गोलाकार ओळीत बसवलेले नट सोडा, जुनं बाहेर, दुसरं आत. एका रविवारचं काम. सेट जुळवत बसू नका, तो सगळ्यांना जमत नाही.

---

दादरची_थार

घेण्याआधी दात मोजा, एवढं मात्र विसरू नका. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात हा रेशो. ४१ आणि ११ असतील तर ३.७३, ३७ आणि ९ असतील तर ४.११. पुढच्या एक्सलचा एक आणि मागचा दुसरा असेल तर फोर-व्हील टाकल्याबरोबर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडायला लागतात आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या गिअरपेटीचा) जीव जातो. माझ्या ओळखीत एकाने असंच युनिट बसवलं होतं. टू-व्हीलमध्ये दोन महिने काही कळलं नाही.

पुढचा रेशो न उघडता मोजता येतो. पुढचे हब लॉक करून चाकं एक्सलला जोडा, एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात पुढचा प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरला ते खडूची खूण करून मोजा. तोच तुमचा रेशो.

आणि ब्रीदर बघा. हाऊसिंगच्या वर हवा आत-बाहेर व्हायला छोटी टोपी किंवा नळी असते.

---

जुना_फिटर_चिंचपोकळी

भांडुपकर, ट्रकवर चढवून आणलीत हे फार बरं केलंत. प्रोपेलर शाफ्ट सोडला तरी मागची चाकं एक्सल फिरवतात, एक्सल क्राऊन फिरवतो आणि सुटे तुकडे पुन्हा दातांत सापडतात. मोठ्या ट्रकचे एक्सल ओढून काढले तरी चाक हाऊसिंगवर उभं राहतं. तुमच्या गाडीत चाक एक्सललाच बसलेलं आहे, एक्सल काढला की चाकही गेलं. म्हणून ओढून न्यायची तर मागची चाकं जमिनीला लागता कामा नयेत.

मी ३४ वर्षं जड गाड्यांच्या एक्सलवर काम केलं. तुमचा प्रश्न मला आवडला, कारण 'कशाने झालं' हे फार कमी लोक विचारतात. दात सगळ्यात शेवटी तुटतो. त्याच्या आधी काहीतरी सैल झालेलं असतं किंवा जळालेलं असतं. क्राऊन आणि पिनियनचे दात एकमेकांवर ठरलेल्या जागीच टेकले तर ते गाडीपेक्षा जास्त जगतात. बेअरिंग गेलं की पिनियन जागा सोडतं, टेकण्याची जागा दाताच्या कडेला सरकते आणि सगळा भार त्या कडेवर येतो. मग कड तुटते. ॲक्सिलरेटरवर 'हूं' आणि पाय काढला की शांत, हे त्याचंच लक्षण. आवाज पाय दाबा-सोडा सारखाच राहिला असता तर मी आधी क्राऊनच्या बाजूच्या किंवा चाकाच्या बेअरिंगकडे बोट दाखवलं असतं. फक्त वळणावर आला असता तर आतल्या छोट्या स्पायडर गिअरकडे.

ऑइल दुधाळ म्हणजे आत पाणी शिरलं. त्याचं असं आहे. गाडी चालून हाऊसिंग तापलेलं असतं, आत हवा फुगलेली. ते थंड ओढ्यात गेलं की हवा आकसते आणि आत ओढ निर्माण होते. ब्रीदर मातीने बुजलेला असेल तर ही ओढ सीलच्या (ऑइल बाहेर येऊ न देणाऱ्या रबरी रिंगच्या) ओठातून पाणी खेचते. ब्रीदर मोकळा पण बुटका असेल तर ब्रीदरमधूनच पाणी येतं. पाणी शिरल्यावर लगेच गाडी चालवून ऑइल बदललं असतं तर बहुतेक निभावलं असतं. तीन आठवडे उभी राहिली, तिथे घात झाला. बेअरिंगचे रोलर जिथे थांबले तिथेच गंज धरतो.

आता माझा प्रश्न. पिनियनचं सील अलीकडे कुणी बदललं होतं का?

घाई करू नका. युनिट बाहेर काढा आणि घासून साफ करायच्या आधी प्रत्येक बेअरिंग आधी हाताने फिरवून आणि मग उजेडात धरून बघा. बाजूच्या बेअरिंगच्या टोप्या काढण्याआधी पंचने खुणा करा, डावीला एक टिंब, उजवीला दोन. त्या टोप्या हाऊसिंगवर बसवूनच कारखान्यात आतून कापलेल्या असतात, अदलाबदल झाली तर पुन्हा कधीच नीट बसत नाहीत.

---

पत्रा_आणि_वेल्डिंग

एकच दात गेला असेल तर भरून घ्या ना. आमच्याकडे वेल्डिंगने दात भरून लेथवर घासून देतात. ट्रॅक्टरचे किती भरले असतील.

---

जुना_फिटर_चिंचपोकळी

संथ फिरणाऱ्या साध्या गिअरला चालून जात असेल. क्राऊन-पिनियनला नाही. त्यांच्या दाताचा वरचा थर कडक आणि आतला गाभा चिवट ठेवलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या चार दातांचाही तो कडकपणा जातो. शिवाय हे दात एकमेकांवर दाबून घसरतात, नुसते लोळत नाहीत. मूळचा वक्र हाताने घासून येणार नाही. मागचं चाक जाम होऊन घाटात गाडी फिरली तर माणसं जातील. कृपा करून हा सल्ला कुणी पाळू नका.

---

भांडुपची_जिप्सी

काका, तुम्ही सीलचं कसं ओळखलंत? एप्रिलमध्ये पिनियनच्या तोंडाशी ऑइल झिरपत होतं. जवळच्याच एका गॅरेजात सील बदलून घेतलं. मी समोर उभा होतो. नट सोडला, फ्लॅंज (प्रोपेलर शाफ्ट जोडायची चकती) काढला, नवं सील ठोकलं आणि नट लांब पाइप लावून दोघांनी जोर करून आवळला. तेव्हा मला वाटलं, छान घट्ट केला.

काल युनिट बाहेर आलं. मुलीने टॉर्च धरला, खडूने दातांवर खुणा करून मोजणीही तिनेच केली. आता एकेक सांगतो.

पिनियनचं फ्लॅंजकडचं बेअरिंग: रोलर निळे-जांभळे पडलेत, रोलर धरून ठेवणारा पिंजरा एका बाजूला चिरलाय. पिनियन हाताने पुढे-मागे हलतं.

बाजूची दोन्ही बेअरिंगं: रंग ठीक आहे, पण बाहेरच्या रिंगवर सारख्या अंतराने तांबूस आडव्या रेषा आहेत. दोन रेषांमधलं अंतर मोजलं, दोन रोलरमधल्या अंतराएवढंच आहे.

क्राऊनचे तीन दात बाहेरच्या कडेला तुटलेत, फक्त गाडी पुढे जाताना भार येतो त्या बाजूला. बाकीच्या दातांवर त्याच कडेला चकाकी आहे आणि मधला भाग जवळजवळ वापरलेलाच दिसत नाही.

ब्रीदर: टोपी मातीने पूर्ण जाम. सुईनेही मोकळी होईना.

काका, मी छपाईच्या मशीनवर बावीस वर्षं काम करतोय. तिथे सिलिंडरच्या गिअरला प्ले (दातांमधली मोकळीक) आला की छापलेल्या पानावर सारख्या अंतराने आडव्या रेषा उठतात आणि रेषांचं अंतर मोजून कुठला गिअर गेला ते कळतं. बेअरिंगच्या रिंगवरच्या त्या तांबूस रेषा बघून मला एकदम तेच आठवलं. हे वाचता येण्यासारखं आहे, हे उघडल्याशिवाय कळलं नसतं.

---

जुना_फिटर_चिंचपोकळी

मुलीला माझी शाबासकी सांगा. तुम्ही जे लिहिलंत त्यात सगळं उत्तर आहे.

दोन वेगळी कारणं आहेत आणि दोन्हींनी आपापली खूण सोडली आहे. रोलरच्या अंतरावर गंजाच्या रेषा, हे उभ्या गाडीतल्या पाण्याचं काम. निळा रंग हा उष्णतेचा. पाण्याने सगळीच बेअरिंगं गंजतात, एकच निळं पडत नाही. ते एप्रिलमध्येच भाजायला लागलं होतं.

पिनियनच्या दोन बेअरिंगांच्या मध्ये एक पातळ नळी असते. नट आवळताना ती मुद्दाम चेपली जाते आणि त्या चेपण्यातून बेअरिंगवर मोजका ताण बसतो. तिला चेपायला २०० न्यूटन-मीटरपेक्षाही जास्त जोर लागतो, म्हणून मेकॅनिकला वाटतं की नट नुसता घट्टच करायचा आहे. पण ती एकदा जास्त चेपली की परत येत नाही. नट सैल केला तरी उपयोग नाही, नळी नवीनच टाकावी लागते. सील बदलताना नट आणि पिनियनच्या टोकावर आधी खूण करायची, सोडण्यापूर्वी पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजायचं आणि परत त्याच खुणेवर, फार तर केसभर पुढे आणायचं. तुमच्याकडे दोघांनी पाइप लावून आवळला. बेअरिंग जास्त ताणात तापलं, त्यात जुलैमध्ये ऑइलचं पाणी झालं, बेअरिंग झिजून सैल पडलं, पिनियन सरकलं, दात कडेवर आले.

आता काय करायचं ते. कुर्ल्याहून अख्खं युनिट घ्या, पण ते तसंच आत ढकलू नका. त्यातलं क्राऊन-पिनियन जोडीचं असेल तर ती जोडी वापरा. जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून बसवलेली असते, दोन्हींवर एकच नंबर असतो. एकाचं पिनियन दुसऱ्याच्या क्राऊनला कधीच नाही. बेअरिंगं सगळी नवी, चेपणारी नळी नवी, दोन्हीकडची एक्सल सीलं आणि पिनियन सील नवं. पिनियनच्या डोक्याखालची शिम (पातळ चकती) मायक्रोमीटरने मोजून तीच परत घाला, सुरुवात तिथून.

मग नट थोडा-थोडा आवळा. फ्लॅंजला लांब लोखंडी अँगल बोल्टने लावून धरा. प्रत्येक वेळी फ्लॅंजला दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने एकसारखी ओढा. फिरतं ठेवायला लागणारा जोर मॅन्युअलच्या आकड्यात आला की थांबा. शेवटचं थोडंसं अंतर फार पटकन जातं, तिथे पाइपला हात लावताना जपा.

त्यानंतर क्राऊनचा प्ले. डायल गेज (केसभर हालचालही दाखवणारं काट्याचं मापक) दाताला काटकोनात लावून मोजा. अशा आकाराच्या एक्सलला ०.१५ मिमीच्या आसपास असतो, पण अंतिम शब्द मॅन्युअलचा. चार ठिकाणी मोजा. कमी-जास्त करायला एका बाजूची आट्यांची रिंग जेवढे खाचे सैल, दुसरी तेवढेच खाचे घट्ट.

शेवटी रंग. गेज सगळं सांगत नाही, रंग सांगतो. चार-पाच दातांना निळा रंग लावा, क्राऊनला लाकडाने थोडा अडवून पिनियन दोन्ही दिशांना फिरवा. ठसा दाताच्या मधोमध, थोडा आतल्या टोकाकडे आला तर झालं. दाताच्या मुळाशी गेला तर पिनियन फार आत आहे, शिम पातळ करा. शेंड्यावर गेला तर पिनियन बाहेर आहे, शिम जाड करा. एका फेरीत जमत नाही. मलाही जमायचं नाही.

---

दादरची_थार

काका, मी हे सगळं उतरवून घेतलं.

भांडुपकर, ब्रीदरची नळी टेललाइटच्या उंचीपर्यंत वर न्या. इंधनाच्या नळीचा तुकडा, टोकाला छोटा फ्यूएल फिल्टर. तासाभराचं काम आहे. आणि जुनं ऑइल कॅनमध्ये ठेवा, सोसायटीच्या गटारात जाऊ देऊ नका. पावसात ते थेट खाडीत जातं. वापरलेलं ऑइल गोळा करणारे असतात, त्यांना द्या.

---

भांडुपची_जिप्सी

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितोय, कारण गाडी चालवून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

कुर्ल्यात तीन दुकानं फिरलो. पहिल्याने दाखवलेलं युनिट दिसायला सगळ्यात स्वच्छ होतं, पण दात मोजले तर रेशो वेगळा. तो म्हणाला, सगळ्या जिप्सींना हेच बसतं. बसलं असतंही, नट-बोल्ट सगळे तेच आहेत! पुढचा रेशो आधीच खडूने मोजून गेलो होतो म्हणून वाचलो. तिसऱ्या दुकानात चिखलाने माखलेलं एक युनिट मिळालं, दात आमच्याएवढेच, क्राऊन आणि पिनियनवर एकच नंबर, दातांच्या मधोमध एकसारखी चकाकी. १४,००० सांगितले, ११,५००ला दिलं.

बेअरिंगं नागदेवी स्ट्रीटवरून घेतली. जुन्यावरचे नंबर वाचून नेले होते, एका बेअरिंगवरचा नंबर गंजाने गेला होता, तिथे दुकानदाराने आतला आणि बाहेरचा व्यास मोजून दिलं. डायल गेज प्रेसच्या मेंटेनन्समधून दोन रविवारांसाठी मिळाला. निळा रंग मुलीच्या ड्रॉइंगच्या सामानातला, ऑइल पेंटची प्रशियन ब्लूची ट्यूब. रंग दाट होता, थोडं ऑइल मिसळल्यावर ठसा छान उठला.

पहिल्यांदा जुळवलं तेव्हा प्ले ०.१६ आला आणि मी खूश झालो. रंग लावला तर ठसा शेंड्याकडे. पुन्हा पिनियन काढलं, बेअरिंग पुलरने उतरवलं, शिम ०.०५ने जाड केली. आणि त्यात माझ्या हातून चेपणारी नळी जरा जास्त दाबली गेली, काटा मॅन्युअलच्या वर गेला. रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि नट किंचित सैल करून भागेल का असं मनात येत होतं. काकांचं वाक्य आठवलं आणि तसंच झाकून ठेवलं. दुसरी नळी मिळायला चार दिवस गेले. मंडळी, नळ्या दोन आणा, एक हाताशी असू द्या.

दुसऱ्या खेपेला ठसा मधोमध आला. प्ले चार ठिकाणी ०.१४ ते ०.१६.

हाऊसिंग आतून साफ करायलाच एक अख्खी संध्याकाळ गेली. डिझेल टाकून धुतलं, मग काठीला लोहचुंबक बांधून हाऊसिंगच्या दोन्ही बाजूंच्या, एक्सल जातात त्या नळ्यांच्या टोकापर्यंत फिरवला. उजव्या टोकाशी, एक्सल सीलच्या मागे, दाताचा तिसरा तुकडा सापडला. तो आत राहिला असता तर काय झालं असतं याचा विचार करून पोटात गोळा आला. चाकाची बेअरिंगंही मग बदललीच.

८०डब्ल्यू-९० जीएल-५ गिअर ऑइल भरलं, साधारण दीड लिटर, वरच्या प्लगमधून ओघळेपर्यंत. पहिल्या दिवशी भांडुप ते ठाणे आणि परत, सावकाश. मग थंड होऊ दिली, हाऊसिंगला हात लावून बघितला. गरम होतं, पण हात ठेवता येत होता. ५०० किलोमीटरनंतर परवा ऑइल बदललं. प्लगवर अगदी बारीक राखाडी लेप, बोटावर घेतला तर कण लागत नाहीत. ५० ते ६०मध्ये आवाज नाही. काल मुद्दाम टप काढून, इंजिनच्या आवाजाकडे दुर्लक्ष करून, मुलीला मागच्या सीटवर बसवून ऐकायला सांगितलं. तिला काही ऐकू आलं नाही.

ब्रीदर टेललाइटच्या मागे वर नेला आहे, पुढच्या एक्सलचाही. पुढचं ऑइलही काढून बघितलं, स्वच्छ निघालं.

काका, सील बदलणाऱ्या त्या गॅरेजवाल्याला मी निळं पडलेलं बेअरिंग नेऊन दाखवलं. भांडायला गेलो नव्हतो. त्याने ते बराच वेळ हातात धरून बघितलं आणि खूण कुठे करायची ते विचारलं. मी नटावर आणि पिनियनच्या टोकावर पंच मारून दाखवलं. बेअरिंग आता माझ्याकडे प्रेसच्या कपाटात आहे. कुणाला निळा रंग आणि गंजाच्या रेषा प्रत्यक्ष बघायच्या असतील तर रविवारी भांडुपला या, रिंगाही जपून ठेवल्या आहेत.